इपॉक्सी चिकट राहतं, पट्टी सुटते: घरी शिडाची नौका बांधताना हटकून येणारी अडचण

तक्रार नेहमी सारखीच असते. काल संध्याकाळी लावलेलं इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून टणक होणारा गोंद, आज सकाळी चिकट आहे. घासून काढलं, परत लावलं, परत चिकट. किंवा पहिल्या खेपेला नीट वाळलं, वर दुसरा थर दिला, आणि महिन्याभराने कोपऱ्यातली काच-कापडाची (फायबरग्लासची) पट्टी पटाशीने जरा उचलली तर अख्खी पट्टी सुटून हातात आली. मग रेझिन बदलतात, दुकानदार बदलतात, मिस्त्री बदलतात, आणि पुढच्या पावसात येरे माझ्या मागल्या.

टेबलाच्या पृष्ठभागावर असं झालं तर फार तर दिसायला वाईट. नौकेत इपॉक्सी हाच सांधा असतो. नौकांचे आराखडे काढणाऱ्या जेम्स व्हॅरम यांच्या टिकी २१ या कॅटमरानचंच, म्हणजे जोड-नौकेचंच, घ्या. २१ फुटांचे दोन निमुळते हल (नौकेची धडं), प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचून उभे केलेले. आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीची लगदी (पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी) भरायची, तिच्यावर काच-कापडाची पट्टी बसवायची, की तारांचं काम संपलं. पुढे तो कोपरा खिळ्याच्या नाही, स्क्रूच्याही नाही, फक्त त्या लगदीच्या आणि पट्टीच्या जिवावर उभा राहतो. असल्या नौकेतून रोरी मॅकडूगल हा दर्यावर्दी १९९१ ते १९९७ या काळात जग फिरून आला. पोलंडच्या यानुश मादेर्स्की यांनी आखलेली ५.८० मीटरची क्लास ग्लोब ५.८० तर हौशी माणसाला घरी बांधता यावी म्हणूनच प्लायवूड-इपॉक्सीत काढली आहे, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत याच नौका कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. लाटेवरून खाली आपटताना सगळा मार नेमका त्या कोपऱ्यांवर येतो. तिथली पट्टी चिकट थरावर बसवलेली असेल तर ती बंदरात काही बोलत नाही.

‘आपल्या हवेत इपॉक्सी जमतच नाही’ असं कोकणात बरेच जण सांगतात. पण नौदलाची शिडाची नौका म्हादेई गोव्यातच, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली: सीडर लाकडाच्या पट्ट्या आणि वर फायबरग्लास. २००९ मध्ये ती नौदलाकडे आली, त्याच वर्षी नौदल अधिकारी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० मध्ये परतले. २०१२-१३ मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फिरून आले. दिवाडीची हवा काही रत्नागिरी-मालवणपेक्षा कोरडी नाही. हवा त्रास देते हे खरं, पण तिच्या वेळा सांभाळल्या तर काम होतं.

आधी रोग ओळखा

चिकटपणा चार वेगळ्या कारणांनी येतो, बोटाला चारही सारखेच लागतात, आणि चारांवरचा इलाज वेगवेगळा आहे. बहुतेक जण थिनरचं फडकं फिरवतात किंवा पुढच्या मिश्रणात हार्डनर वाढवतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एक वाटी साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या. चिकट जागेचा वीतभर तुकडा पाण्याने घासा, स्वच्छ फडक्याने टिपा आणि पुन्हा बोट लावा. चिकटपणा गेला, खाली टणक थर लागला, तर इपॉक्सी बिघडलेलं नाही. वर फक्त मेणकट साय आली आहे. आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त दिसते ती हीच, तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

पाण्याने काही फरक पडला नाही तर अंगठ्याचं नख रोवून बघा. सगळीकडे सारखंच रुततं, आणि लावून दोन दिवस झालेत, हवाही २८-३० अंशांची आहे, तर प्रमाण चुकलंय. एका जागी काचेसारखं टणक आणि हातभर अंतरावर गोंदासारखं ओलं, तर प्रमाण ठीक असेल पण ढवळणं कमी पडलं. आणि काल फार ओलं होतं, आज जरा आवळलंय, असं पुढे सरकत असेल तर ते फक्त गारठ्यामुळे रेंगाळलंय. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत हे होतं. त्याला काही करू नका. वर ताडपत्रीचा तंबू करून आत पिवळे बल्ब लावा आणि वाट बघा. दहा अंशांनी तापमान खाली गेलं की वाळायला साधारण दुप्पट वेळ लागतो, एवढं लक्षात ठेवलं की धीर सुटत नाही. त्याच गारठ्यात कॅनच्या तळाशी रेझिनमध्ये पांढरे खडे धरलेले दिसले तर तोही बिघाड नाही. कॅन गरम पाण्याच्या बादलीत ठेवून, खडे विरघळेपर्यंत ढवळून, निवल्यावर वापरा. तसंच्या तसं वापरलंत तर मात्र प्रमाण चुकेल, कारण रेझिनचा काही भाग खड्यांत अडकून राहिलेला असतो.

टोपणाचा हिशेब

किनारपट्टीवर फायबरचं काम म्हणजे बहुतेक पॉलिएस्टर या दुसऱ्या रेझिनचं काम. मासेमारीच्या होड्या, टाक्या, छपरं, सगळं त्यातलं. मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला असतो आणि त्यात हार्डनर टोपणाने मोजतात, शेकडा एक-दोन. गार पडलं की टोपण वाढवायचं, ऊन असलं की कमी करायचं. तिथे हे चालतं, कारण तो द्रव फक्त काडी लावतो. पुढची जोडणी रेझिन आपलं आपण करतं.

इपॉक्सीत हार्डनर म्हणजे जोडणीतला दुसरा हात. रेझिनच्या प्रत्येक रेणूला त्याचा ठरलेला जोडीदार हवा असतो. हार्डनर जास्त झाला तर उरलेला तसाच कोरा राहतो, थर मऊ पडतो, वर ओल ओढतो. कमी झाला तर रेझिन कोरं राहतं. दोन्हीकडून नुकसानच. आणि तरीही श्रावणातल्या एखाद्या ओलसर संध्याकाळी मागून हाक येतेच, “साहेब, गारठा धरलाय, अजून दोन टोपणं मारू का?” त्यावर उत्तर एकच, “नको मिस्त्री, ह्यात टोपण नाही, काटा.” लवकर वाळायला हवं असेल तर त्याच कंपनीचा फास्ट हार्डनर घ्यायचा, प्रमाण तेच ठेवून.

काट्यावरही एक गोची आहे. डब्यावर २:१ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा मापाचं (आकारमानाचं) असतं, वजनाचं नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड. समजा रेझिनची घनता १.१५ आणि हार्डनरची ०.९७ आहे, तर मापाचं २:१ म्हणजे वजनाने १०० ग्रॅमला सुमारे ४२ ग्रॅम. तुम्ही काट्यावर १०० ला ५० घातलेत तर हार्डनर जवळजवळ वीस टक्के जास्त गेला, तेही अगदी काळजीपूर्वक मोजून. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात वजनाचं प्रमाण वेगळं दिलंय का ते आधी बघा. दिलेलं नसेल तर मापानेच मोजा. सुट्या कॅनमधून आणलेला, लेबल नसलेला हार्डनर फुकट मिळाला तरी नौकेत घालू नका. तो कुठल्या रेझिनचा जोडीदार आहे हे कळायला मार्ग नसतो.

किराणा दुकानातला एक ग्रॅमचा काटा मोठ्या मिश्रणाला चालतो. पण ३० ग्रॅम रेझिनला १२-१३ ग्रॅम हार्डनर घालायचा असेल तर एका ग्रॅमची चूक म्हणजे सात-आठ टक्के. सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅमचा छोटा काटा घ्या, नाहीतर १०० ग्रॅमपेक्षा कमी मिश्रण करूच नका. ढवळायला गोल काडी नको, चपटी पट्टी हवी, कडा आणि तळ खरवडता येईल अशी. दोन-तीन मिनिटं ढवळून सगळं दुसऱ्या कोऱ्या कपात ओता आणि पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेलं कच्चं रेझिन ब्रशने पुसून लाकडावर फासणं हेच त्या ‘इथे टणक, तिथे ओलं’ ठिगळांचं मूळ असतं.

प्रमाण चुकलेला थर कधीही सुधारत नाही. वरून बरोबर प्रमाणाचा थर दिला तर खालचं झाकलं जातं, वाळत नाही. ते खरवडूनच काढावं लागतं: हीट गन, बोथट पटाशी, शेवटी ॲसिटोनचं फडकं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

ती मेणकट साय

हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतं आणि थराच्या वर कार्बामेटची पातळ साय धरते. कधी ती पांढुरकी दिसते, कधी अजिबात दिसत नाही, फक्त बोट घसरतं. खालचं इपॉक्सी उत्तम असतं. पण या सायीवर दुसरा थर, लगदी, रंग, काहीही धरत नाही. महिन्याभराने सुटून येणारी पट्टी बहुतेक वेळा हिचीच करणी.

ही साय पाण्यात विरघळते, थिनरमध्ये नीट विरघळत नाही. सगळी अडचण याच एका गोष्टीत आहे. रंगकामाची सवय असलेला माणूस आधी थिनरचं फडकं फिरवतो आणि साय इकडून तिकडे पसरवतो. दुसरा माणूस थेट पॉलिश पेपर लावतो. कागद लगेच बुजतो, आणि साय ओरखड्यांत खोल भरली जाते. दिसायला पृष्ठभाग मस्त खरखरीत, धरायला निकामी.

क्रम असा हवा. थर टणक झाल्यावर साधं, गोडं पाणी आणि हिरवी घासणी. साबण नको, त्याचाच थर मागे राहतो. हातभर जागा घासायची आणि पाणी वाळायच्या आत कोऱ्या कागदी टॉवेलने किंवा धुतलेल्या सुती फडक्याने टिपून घ्यायचं. ते आपोआप वाळू दिलं तर विरघळलेली साय तिथेच परत बसते. बादलीतलं पाणी वरचेवर बदला. पुसून झाल्यावर पाण्याचा हात फिरवा: पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब गोळा होऊन सुटे राहिले तर अजून काहीतरी आहे, पुन्हा घासा. मग कोरडं झाल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. कोपऱ्यातल्या घळीत चकाकणारा ठिपका राहिला तर तिथे पट्टी बसत नाही, म्हणून आडव्या उजेडात टॉर्च धरून बघा.

हे सगळं टाळायची एक युक्ती आहे, आणि ती महागही नाही. ओल्या थरावर पील-प्लाय, म्हणजे नायलॉनचं साधं कापड, अंथरायचं आणि ब्रशने दाबून भिजवायचं. वाळल्यावर ते टर्रकन ओढून काढलं की साय त्याच्याबरोबर निघते आणि खाली खरखरीत पृष्ठभाग मिळतो. खास पील-प्लाय मिळालं नाही तर कापडबाजारातलं अस्तराचं नायलॉन बऱ्याचदा चालतं. त्यावर पाणी न चिकटण्याची प्रक्रिया केलेली नसावी, एवढंच. आधी टाकाऊ प्लायवर करून बघा. काही कापडं कायमची चिकटून बसतात.

तिसरा मार्ग वेळेचा. थर अजून पक्का झालेला नाही, नख लावलं तर खूण उमटते पण बोटाला काही येत नाही, अशा अवस्थेत पुढचा थर दिला तर दोन्ही थर एकमेकांत रासायनिकरीत्या जुळतात. धुवायचं नाही, घासायचं नाही. लगदी भरून दोन-तीन तासांत त्याच ओघात वर पट्टी बसवणं हे सर्वांत भक्कम काम. त्यासाठी पट्ट्या आधीच कापून, क्रमाने गुंडाळून ठेवाव्या लागतात. रविवार सकाळचा चहा झाल्यावर कापायला बसलात तर ती वेळ हुकते.

पावसाळ्यात शेड कोरडी करायला आत कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह पेटवणारे मी पाहिलेत. ऊब येते खरी. पण जळणातून नेमक्या त्याच दोन गोष्टी बाहेर पडतात ज्यांतून साय बनते, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, आणि बंद शेडमध्ये माणसालाही ते घातक. विजेचे बल्ब लावा, हीटर लावा, ज्योत नको.

किनाऱ्यावरचं वेळापत्रक

परदेशी पुस्तिकांत एक सल्ला असतो: कोऱ्या लाकडाला पहिला थर तापमान उतरतीला असताना द्या. तो बरोबर आहे. लाकूड तापत असेल तर त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि थरावर बुडबुडे धरतात, फुटले की बारीक भोकं राहतात. निवत असेल तर लाकूड उलट रेझिन आत ओढतं. पण तिकडच्या माणसाची संध्याकाळ आणि आपल्याकडची संध्याकाळ एक नाही. आपल्याकडे तापमान उतरायला लागलं की आर्द्रता चढते आणि रात्री दव.

आकड्यांत बघा. दुपारी ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) सुमारे २१.४ अंश, म्हणजे साडेआठ अंशांची सवलत. रात्री हवा २६ अंश आणि ८५ टक्क्यांवर गेली की दवबिंदू सुमारे २३.३. उरले पावणेतीन अंश. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम असावा हा रंगकामातला जुना नियम इथेच मोडतो. त्यात उघड्यावरचं प्लायवूड रात्री हवेपेक्षाही गार पडतं, आणि पत्र्याच्या छपराला आतून घाम सुटून थेंब थेट ओल्या थरावर पडतात. सकाळी जे पांढुरके डाग दिसतात ते बहुतेक हेच.

म्हणून कोऱ्या लाकडाचा पहिला थर दुपारी तीनच्या सुमारास द्या, म्हणजे ऊन उतरू लागलेलं असतं आणि दव पडायच्या आत थर आवळून येतो. शेडमध्ये असाल तर आणखी बरं: सकाळपासून बल्ब लावून लाकूड तापवा, ब्रश हातात घेताना बल्ब बंद करा, म्हणजे उतरतं तापमान तुम्हीच तयार केलंत. त्यापुढच्या थरांना लाकूड आधीच बंद झालेलं असतं, तेव्हा ते सकाळी नऊ-दहाला, दव पूर्ण उडाल्यावर द्या. पत्र्याखाली ताडपत्री ताणा, थोडी तिरकी, म्हणजे घामाचे थेंब बाजूला ओघळतील. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र शेडमध्ये टांगून ठेवा आणि प्रत्येक सांध्याजवळ, रंगाखाली जाईल अशा जागी, पेन्सिलीने तारीख, तापमान आणि आर्द्रता लिहा. पुढे एखादी पट्टी सुटली तर त्याच दिवशीच्या बाकीच्या पट्ट्या कुठल्या, हे शोधायला यासारखं दुसरं साधन नाही.

किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सोन्यासारखे. सांध्यांची कामं तेव्हा उरका. एप्रिल-मेमध्ये हवा दमट आणि ३३-३४ अंश. स्लो हार्डनरही कपात धुमसायला लागतो. अर्धा किलो मिश्रण खोल डब्यात ठेवलं तर फेस येऊन धूर निघतो, प्लास्टिक वितळतं. ढवळून झालं की पसरट ट्रेमध्ये ओता. जून ते सप्टेंबर रंधा मारा, शिडाची डोलकाठी घडवा, पट्ट्या कापा, बिजागऱ्या-कड्या जमवा. इपॉक्सीला हात लावायचाच झाला तर बंद खोलीत, एसी लावून, छोटे भाग करा: सुकाणू, झाकणं, आतल्या फळ्या. एसीने हवा कोरडी होते, हा त्याचा इथला खरा उपयोग.

लाकडातली ओलही पावसाळ्यात चढलेली असते. १२ टक्क्यांपर्यंत ठीक, १८ वर चिकटवू नये. मीटर नसेल तर त्याच लाकडाचा तुकडा दशांशाच्या काट्यावर तोला, घरच्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास वजन थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. जेवढं घटलं त्याला वाळल्या वजनाने भागा, टक्के मिळतात. प्लायवूड घेताना आयएस ७१० (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) हा शिक्का बघा. आयएस ३०३ हा साधा वापराचा दर्जा आहे, त्यावर दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं तरी समुद्रात नेण्याजोगा नाही.

तुटलेला सांधा वाचायला शिका

प्रत्येक मिश्रणातून दोन लाकडी पट्ट्या चिकटवून बाजूला ठेवायच्या आणि आठवड्याने हातोडीने फोडायच्या, ही सवय लावून घ्या. फुटलेल्या तोंडावर लाकडाचे तंतू उपटून आलेले असतील तर काम पक्कं. गोंदाचं तोंड गुळगुळीत, चकचकीत असेल आणि दुसऱ्या बाजूला लाकूड कोरं दिसत असेल, तर साय किंवा तेल. सागाच्या बाबतीत हे तेल लाकडाचंच असतं; साग घासून, लगेच ॲसिटोनने पुसून, त्याच तासाभरात चिकटवावा लागतो. तोंड कोरडं, खडबडीत, भोकाभोकाचं दिसलं तर सांधा उपाशी राहिला: लाकडाने रेझिन पिऊन टाकलं आणि शिकंज्याने उरलेलं पिळून काढलं. आधी नुसतं पातळ इपॉक्सी दोन्ही बाजूंना लावायचं, मग घट्ट मिश्रण, आणि शिकंजा कडेने थोडं बाहेर येईल इतपतच आवळायचा. इपॉक्सीला दाबाची हौस नाही. आणि तोंड रबरासारखं लवलं तर पुन्हा काट्याकडे.

लगदीत काय घालता यावरही बरंच काही आहे. पॉलिएस्टरच्या सवयीने शंखजिरं घालणारे भेटतात. सांध्यात त्याने ताकद येत नाही. त्याऐवजी बारीक लाकडाचा भुसा आणि कोलॉइडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड), चक्क्याइतपत घट्ट, उभ्या फळीवरून न घसरणारं. हलके पोकळ मायक्रोबलून फक्त वरचे खळगे भरून सपाटी आणायला. थिनर कशातही नाही. तो पूर्ण उडून जात नाही, थर मऊ पडतो, आणि मग तुम्ही पुन्हा त्याच तक्रारीवर येता.

दुकानात काच-कापड मागितलं की हातात चॉप्ड स्ट्रँड मॅट देतात, कारण खपते तीच. तिच्यातले सुटे धागे धरून ठेवणारा खळ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नाही, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, पांढरी आणि ताठ राहते, घळीत वळत नाही. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं द्विअक्ष (दोन दिशांना धागे असलेलं) कापडच लागतं. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टर कधी लावू नका. ते तिथे भरवशाने धरत नाही. उलट चालतं: जुन्या पॉलिएस्टरवर घासून इपॉक्सी लावता येतं.

हातमोजे नायट्राइलचे, कायम. हार्डनरने एकदा अंगाला ॲलर्जी धरली की ती सहसा जात नाही, आणि अर्धी नौका बांधून झाल्यावर कुणाला ते नको असतं. त्वचेवर लागलं तर थिनरने पुसू नका, त्याने ते आतच मुरतं. कोरड्या कागदाने टिपून घ्या, मग साबण आणि भरपूर पाणी.

आधीच बसवलेल्या पट्ट्यांचं काय

हल तयार आहे, काही पट्ट्या सुटल्या आहेत, बाकीच्यांवर भरवसा नाही, अशी स्थिती असेल तर सगळी नौका उचकटायला जाऊ नका. रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक सांध्यावरून बोटभर अंतराने ठोकत जा. भरीव जागी आवाज टणत्कारी येतो, सुटलेल्या जागी बसका. बसक्या जागांना खडूने खूण करा आणि पेन्सिलीची तारीख बघून त्या दिवशीच्या बाकी जागा दुसऱ्यांदा ठोका. पण नाणं फक्त सुटलेली जागा सांगतं, कमजोर धरलेली नाही. म्हणून शंकेच्या प्रत्येक दिवसाच्या कामातली एक पट्टी टोकाला पटाशीने उचलून पक्कडीने ओढून बघायचीच. लाकडाचे तंतू घेऊन आली तर त्या दिवसाचं काम राहू द्या. स्वच्छ निघाली तर त्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्या काढायच्या.

काढताना हीट गन मंद ठेवा. इपॉक्सी ६० ते ९० अंशांच्या दरम्यान नरमतं, लाकूड काळं पडायची गरज नाही. पट्टी निघाली की आधी धुणं, मग ८० नंबरने घासणं, हा क्रम इथेही तोच. खालची लगदी टणक आणि लाकडाला धरून असेल तर तिला हात लावू नका. नवी पट्टी जुनीपेक्षा दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर रुंद घ्या, म्हणजे तिच्या कडा कोऱ्या, कधी साय न पाहिलेल्या लाकडावर बसतील.

हे सगळं करून वर हौसेने बाजारातला साधा इनॅमल मारला आणि तो आठवडाभर वाळला नाही, तर घाबरून पुन्हा इपॉक्सी खरवडायला घेऊ नका. पृष्ठभागावर उरलेलं अमाइन तेलरंगाला वाळू देत नाही, एवढीच गोष्ट आहे. तो रंग पुसून काढा, धुवा, घासा, इपॉक्सी प्रायमर द्या आणि वर दोन डब्यांचा पॉलियुरेथेन लावा. उन्हापासून इपॉक्सीला झाकायला तो तसाही लागणारच होता.